लिटल डेझर्टमध्ये पहिल्यांदाच गाडी घेऊन जायचंय, सोपे ट्रॅक सुचवा

पहाटवारा

नमस्कार मंडळी,

आम्ही मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या उपनगरात राहतो. नुकतीच एक वापरलेली प्राडो (टोयोटाची फोर व्हील ड्राइव्ह) घेतली आहे. लो रेंज (कमी वेगात जास्त ओढ देणारा गिअर) आहे, टायर ऑल-टेरेन म्हणजे कच्च्या वाटेवरही चालणारे आहेत, बाकी गाडी कंपनीतून आली तशीच आहे. सप्टेंबरच्या शाळेच्या सुट्टीत तीन रात्री मिळतील. मी, बायको, अकरा वर्षांचा मुलगा, आठ वर्षांची मुलगी आणि भारतातून आलेले माझे बाबा असे पाच जण असू. बाबांचं वय ७२, तब्येत ठणठणीत, पण पाठीला फार दणके नकोत.

डोंगरातल्या कड्यावरून गाडी चालवायचा धीर अजून होत नाही. म्हणून वाळू आणि झुडपांचा मोकळा प्रदेश बघावा असं वाटतंय. नकाशावर व्हिक्टोरियाच्या पश्चिमेला लिटल डेझर्ट, बिग डेझर्ट, मरी-सनसेट अशी संरक्षित रानांची नावं दिसतात, पण त्यात नवख्याला झेपेल असं काय आहे ते कळत नाही. पहिल्या वेळी किती आत जावं? सोबत काय न्यावं? एकच गाडी घेऊन जाणं कितपत बरोबर? वाळूत मी अजून एकदाही गाडी घातलेली नाही, हे धरून सांगा.

उनाडवाट

प्राडो आहे ना, मग काळजी कसली! व्हिक्टोरिया आणि साउथ ऑस्ट्रेलियाच्या सीमेवरून जाणारा बॉर्डर ट्रॅक करा. टेकाडामागून टेकाड, मुलं खूश होतील. टायरची हवा कमी करा आणि पाय दाबून चला.

विमेराकाठ

पहाटवारा, बॉर्डर ट्रॅक या खेपेला नको. ट्रॅक सुंदर आहे, त्याबद्दल उनाडवाट यांच्याशी माझं भांडण नाही. पण त्याच्या उत्तरेकडच्या भागात वाळूची उभी टेकाडं एकापाठोपाठ येतात, आणि त्यातला काही भाग तर एकाच दिशेने, उत्तरेकडून दक्षिणेकडे, चालवायचा आहे. म्हणजे तिसऱ्या टेकाडावर धीर सुटला तरी मागे फिरायची सोय नाही. नवख्या माणसाला सगळ्यात जास्त गरज असते ती मागे फिरता येण्याची. ट्रॅक निवडताना मी आधी तेवढंच बघते.

मी हॉर्शमला राहते. कामासाठी डिंबूला, निल, कानिव्हा या बाजूला सतत जाणं होतं, आणि सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघं बहुतेक वेळा लिटल डेझर्टमध्येच असतो. तुमच्यासाठी मी डोळे झाकून हेच नाव घेईन. मेलबर्नहून वेस्टर्न हायवेने बॅलरॅट, अरारट, स्टॉवेल, हॉर्शम करत डिंबूला, साधारण ३३५ किलोमीटर, सगळा डांबरी रस्ता. पार्क पूर्वेला विमेरा नदीपासून सुरू होतं ते पश्चिमेला राज्याच्या सीमेपर्यंत जातं, पण उत्तर-दक्षिण रुंदी फार नाही. निल-हॅरो आणि कानिव्हा-एडनहोप हे दोन रस्ते त्याला आडवे छेदून जातात, त्यामुळे त्याचे तीन तुकडे पडतात. चुकलात तरी कुठल्या तरी दिशेला रस्ता किंवा शेत लागतंच. बिग डेझर्टमध्ये हा दिलासा नाही.

नावात डेझर्ट असलं तरी इथे वर्षाला साधारण ४०० मिलिमीटर पाऊस पडतो. पांढरट-पिवळी वाळू, त्यावर बँक्शिया, टी-ट्री, मॅली नावाची बुटकी निलगिरी, आणि मधल्या सखल भागात चिकणमाती. ६०० पेक्षा जास्त जातींच्या देशी वनस्पती आहेत. सप्टेंबर म्हणजे फुलांचा ऐन हंगाम, तुमची वेळ अगदी योग्य आहे.

आता तीन दिवस मी कसे लावले असते ते सांगते.

पहिल्या दिवशी वाळूत जाऊच नका. डिंबूलाला पोहोचा, गावातल्या कॅरव्हॅन पार्कमध्ये किंवा नदीकाठच्या हॉर्सशू बेंडला मुक्काम करा. हॉर्सशू बेंड आणि ॲकल बेंड या दोन्ही जागा गावाजवळच आहेत, रस्ता कच्चा आहे पण कोरड्या दिवसात साधी गाडीही जाते. तिथेच पॉम्पॉन्डरू टेकडीची छोटी पायवाट आहे, बाबाही सावकाश चढतील. वरून तुम्हाला दुसऱ्या दिवशी जिथे जायचंय तो सगळा मुलूख दिसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर पूर्वेकडच्या भागातला एक वाळूचा ट्रॅक घ्या. कुठला ते त्या आठवड्यात काय उघडं आहे त्यावर ठरवा. कच्चा रस्ता संपून वाळू लागते तिथे थांबा, हवा कमी करा, चार-पाच किलोमीटर आत जा, मोकळी जागा बघून गाडी वळवा आणि त्याच वाटेने परत या. परतीची वाट तुम्ही नुकतीच बघितलेली असते. कुठे वाळू खोल होती, कुठे गाडीने जोर घेतला, कुठे फांदी आडवी होती, सगळं लक्षात असतं. तेच टेकाड दुसऱ्यांदा चढताना हात किती शांत राहतो ते तुम्हाला स्वतःलाच कळेल. दुपारी बायकोला चालवायला द्या. ही माझी आग्रहाची विनंती आहे. आपल्याकडच्या कितीतरी घरांत अशा सहलींत गाडी एकटा पुरुषच चालवतो, आणि त्याचा पाय मुरगळला किंवा तो आजारी पडला तर वाळूतून गाडी बाहेर काढणारं दुसरं कुणी नसतं.

तिसऱ्या दिवशी कियाटा. हायवेवरून दक्षिणेला थोडं आत गेलं की कॅम्पग्राउंड आहे, साध्या गाडीचा रस्ता. कीथ हेटली आणि सँक्च्युअरी अशा दोन लहान पायवाटा तिथून सुरू होतात. मुलांना इथे मॅलीफाउलबद्दल सांगा. कोंबडीएवढा पक्षी, पण पालापाचोळा आणि वाळू उकरून कित्येक मीटर रुंदीचा ढीग रचतो आणि अंडी त्यात पुरतो. पाला कुजून ऊब निर्माण होते. नर महिनोन्महिने त्या ढिगाशी राबतो, चोचीने आतली ऊब तपासतो आणि वाळू कमी-जास्त करून तापमान ३३ अंशांच्या आसपास ठेवतो. असा ढीग झुडपात कुठेही असू शकतो. ट्रॅक सोडून दोन मीटर जरी गाडी आत घातली तरी आपण काय चिरडलं ते आपल्याला कळतसुद्धा नाही.

हवेबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण वाळूतलं निम्मं काम तिथेच होतं. हायवेवर तुमच्या टायरमध्ये ३६-३८ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) असेल. कच्च्या खडीच्या रस्त्यावर २६-२८ वर आणा, बाबांच्या पाठीलाही बरं. वाळूत १८. गाडीने ओढ घेतली, इंजिन धापा टाकायला लागलं, तर १६. हवा कमी केली की टायरचा जमिनीवर टेकलेला भाग लांबीला वाढतो, वजन पसरतं आणि गाडी वाळू खणण्याऐवजी वाळूवरून जाते. पण अशा मऊ टायरवर वेग ४० च्या खालीच ठेवा आणि स्टीअरिंग झटक्याने वळवू नका, नाहीतर टायर रिमवरून निसटतो. डांबरी रस्त्यावर येण्याआधी हवा परत भरायची, म्हणून कॉम्प्रेसर हवाच. तो नसेल तर वाळूत जाऊ नका, एवढं स्पष्ट सांगते.

मऊ टायरची बाजूची भिंत बाहेर फुगते, आणि मॅलीचे वाळलेले खुंट सुरीसारखे टोकदार असतात. इथे टायर फुटतात ते बहुतेक असेच. म्हणून चाकोरीतच राहा. वाटेत झाड पडलेलं असेल तर त्याला झुडपातून वळसा घालू नका. मागे फिरा आणि पार्क्स व्हिक्टोरियाला, म्हणजे उद्यानं सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेला, १३ १९ ६३ वर कळवा.

चढावर वेग आधी घ्यायचा, चढता चढता नाही. माथ्यापलीकडे काय आहे ते दिसत नसेल तर पाय अलगद सैल सोडा. थांबायचं असेल तर उतारावर थांबा आणि ब्रेक न दाबता गाडीला आपोआप थांबू द्या, म्हणजे चाकांपुढे वाळूचा बांध तयार होत नाही. चढ पूर्ण झाला नाही तर वळायचा प्रयत्न अजिबात करू नका. रिव्हर्स टाका आणि आलात त्याच चाकोरीतून सरळ खाली या. वाळूच्या उतारावर गाडी आडवी झाली की उलटू शकते.

पावसाबद्दल लोकांचा उलटा समज असतो. हलका पाऊस पडून गेला की वाळू घट्ट होते आणि गाडी सहज जाते. कोरड्या, उन्हाच्या दुपारी तीच वाळू पिठासारखी सुटी होते. त्रास होतो तो दोन टेकाडांच्या मधल्या चिकणमातीत. वरून कोरडी दिसते, आत चिखल असतो. म्हणूनच हिवाळ्यात इथले काही ट्रॅक बंद ठेवतात, आणि सप्टेंबरमध्ये सगळे उघडलेले असतीलच असं नाही. निघायच्या आदल्या दिवशी पार्क्स व्हिक्टोरियाच्या साइटवर लिटल डेझर्टचं पान उघडून बघा. फाटकाला कुलूप असेल तर बाजूने घुसू नका, ओल्या मातीत पाडलेली चाकोरी पुढची कित्येक वर्षं बुजत नाही.

आणखी एक. जानेवारी २०२५ च्या अखेरीला विजा पडून लागलेल्या वणव्यात या पार्कचा खूप मोठा भाग जळाला. निलजवळचं लिटल डेझर्ट नेचर लॉजही त्यात गेलं. आम्हा इथल्या लोकांना तो फार मोठा धक्का होता. मॅली मुळाच्या गड्ड्यातून पुन्हा फुटते, पण मॅलीफाउलला लागतं ते बरीच वर्षं न जळलेलं, खाली पाला साचलेलं रान, आणि ते एवढ्यात तयार होत नाही. त्यामुळे जुन्या लेखांतली आणि व्हिडिओतली माहिती तशीच धरून चालू नका, आज काय उघडं आहे तेच बघा. जळालेल्या झाडांखाली तंबू लावू नका, थांबूही नका. फांद्या वारा नसतानाही पडतात.

टोरेन्सतीर

विमेराकाठ ताईंनी जवळजवळ सगळं सांगितलंच आहे. मी ॲडलेडहून सीमेपलीकडची बाजू सांगतो, कारण तिथे गेलं की नियम बदलतात.

बॉर्डर ट्रॅकच्या आमच्या बाजूला नारकाट कॉन्झर्व्हेशन पार्क आहे. तिथे गाडीचा पास आधी ऑनलाइन काढावा लागतो. व्हिक्टोरियात २०१० पासून राष्ट्रीय उद्यानांना प्रवेश शुल्क नाही, त्यामुळे तिकडच्या लोकांच्या हे लक्षातच येत नाही. शिवाय वणव्याच्या धोक्यामुळे १ नोव्हेंबर ते ३१ मार्च बॉर्डर ट्रॅक बंद असतो. आणि फळं! साउथ ऑस्ट्रेलियात येताना ताजी फळं आणि बऱ्याच भाज्या आणता येत नाहीत, फळमाशीमुळे. पिनारूला आणि यांबाला तपासणी नाकी आहेत, दंड होतो. डब्यातली मुलांची सफरचंदं सीमेआधी संपवा.

पुढच्या वर्षी हात बसला की नारकाटला जरूर या. पिनारू ते बॉर्डरटाउन हा नारकाट हायवे पार्कमधूनच जातो आणि डांबरी आहे, त्यामुळे एका बाजूने थोडं आत जाऊन परत येणं सोपं पडतं. वाळू तुमच्याकडच्यापेक्षा खोल आणि टेकाडं उंच. तिकडे गाडीपुढे उंच काठीवर झेंडा लावा, म्हणजे माथ्यापलीकडून येणाऱ्याला आधी तो दिसतो. समोरासमोर आलात तर ज्याला मागे जाणं सोपं त्याने मागे जायचं, हुज्जत घालायची नाही.

पहाटवारा

ताई, दादा, मनापासून आभार. बायकोने तुमचं उत्तर वाचलं आणि दुपारच्या फेरीत स्टीअरिंग आपल्याच हातात असणार हे जाहीर केलं आहे.

अजून काही शंका. माझा एक मित्र त्याची सुबारू फॉरेस्टर घेऊन सोबत येतो म्हणतोय. ऑल-व्हील ड्राइव्ह आहे, पण लो रेंज नाही. त्याला घेऊन जावं का? आत फोन चालतो का? आणि गाडी रुतलीच तर आम्ही दोघं नवखे काय करणार?

विमेराकाठ

मित्राला जरूर आणा. दुसरी गाडी सोबत असणं हे कुठल्याही सामानापेक्षा मोठं आहे. पण फॉरेस्टर हॉर्सशू बेंड आणि कियाटापर्यंतच. वाळू लागते तिथे ती उभी करा आणि मित्राला तुमच्या गाडीत बसवा. वाळू खोल असेल तर तिचं पोट मधल्या उंचवट्यावर टेकतं आणि चारही चाकं नुसती फिरत राहतात. म्हणजे प्राडोची एक फेरी बाबा आणि मुलांसोबत, दुसरी मित्रासोबत. आणि तुम्ही आत असताना बाहेर थांबलेल्या माणसाला परतीची वेळ सांगून ठेवा. त्या वेळेपर्यंत आला नाहीत तर त्याने काय करायचं तेही आधी ठरवा.

फोन गावांच्या जवळ चालतो, आत भरवसा नाही. टेल्स्ट्रा या फोन कंपनीचं नेटवर्क इतरांपेक्षा बरं. तुम्ही एक पीएलबी घ्याच, आणीबाणीचं बीकन. तीन-चारशे डॉलरला मिळतं, मासिक पैसे नाहीत, आमसाकडे (सागरी सुरक्षेची सरकारी संस्था) नोंदणी फुकट होते, आणि बॅटरी वर्षानुवर्षं टिकते. जीव धोक्यात असेल तरच त्याचं बटण दाबायचं, गाडी रुतली म्हणून नाही. शिवाय हातातला यूएचएफ रेडिओ (वॉकी-टॉकी) असू द्या. रानात फोर व्हील ड्राइव्हवाले बहुधा चॅनल १० वर असतात. माथा चढण्याआधी "एक गाडी, पूर्वेकडून वर येतेय" एवढं बोललं तरी पुरतं.

रुतल्यावर पहिला नियम, ॲक्सिलरेटरवरून पाय काढा. चाक फिरत राहिलं की गाडी खाली जाते, पुढे नाही. सगळ्यांना उतरवून सावलीत बसवा, पाणी प्या. मग चारही टायर १२-१४ पीएसआयवर आणा. फावड्याने चाकांच्या पुढची आणि पोटाखालची वाळू काढा, ज्या दिशेला जायचंय तिकडे उतार करून द्या. आलात त्या दिशेला, म्हणजे मागे जाणं जवळजवळ नेहमीच सोपं. मग रिकव्हरी बोर्ड (चाकाखाली घालायच्या दातेरी प्लॅस्टिकच्या फळ्या) चाकाला चिकटवून ठेवा आणि लो रेंजमध्ये अगदी हळू. चाक फिरलं तर बोर्डाचे दात वितळतात आणि बोर्ड मागे उडतो, म्हणून मागेपुढे कुणी उभं राहू नये. बहुतेक वेळा एवढ्याने गाडी निघते. इथल्या ट्रॅकला याहून जास्त काही लागत नाही.

दोर लावून ओढायची वेळ आलीच तर एक गोष्ट कधीच करू नका. टो-बारच्या, म्हणजे मागे ट्रेलर जोडायच्या दांड्याच्या, गोळ्याला पट्टा अडकवू नका. तो गोळा तुटला की बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो, ऑस्ट्रेलियात माणसं गेली आहेत त्याने. प्राडोला मजबूत, ठरावीक भार पेलणारे हुक आहेत का ते आधी बघा. पुढे दिसतात ती लोखंडी कडी कित्येकदा जहाजात गाडी बांधण्यासाठीची असतात, ओढण्यासाठी नाहीत. हे शिकायची सगळ्यात चांगली जागा म्हणजे क्लबचं प्रशिक्षण. फोर व्हील ड्राइव्ह व्हिक्टोरिया ही राज्यातल्या क्लबांची संघटना आहे, त्यांचे नवख्यांसाठी वर्ग असतात. निघायच्या आधी जमलं तर दोघांनीही एक दिवस करून या.

बाकी सामान: माणशी दिवसाला पाच-सहा लिटर पाणी आणि वर एका दिवसाचं जास्तीचं, लांब दांड्याचं फावडं, अग्निशामक, प्रथमोपचाराची पेटी, फोनवर आधीच उतरवून ठेवलेले नकाशे. रात्री शून्याजवळ थंडी पडते, बाबांसाठी जाड पांघरूण विसरू नका. दिवसाच्या शेवटी वाकून गाडीखाली बघा. सायलेन्सरच्या आसपास अडकलेलं वाळकं गवत पेट घेतं. टोटल फायर बॅन (आग पेटवायला पूर्ण बंदी) असेल त्या दिवशी चूल, शेकोटी काही नाही. वणव्याचे इशारे देणारं विकइमर्जन्सी ॲप दोघांच्याही फोनवर असू द्या.

टोरेन्सतीर

एक राहिलं. वाळूत निघण्याआधी गाडीचं स्टॅबिलिटी कंट्रोल (घसरण आवरणारी यंत्रणा) बंद कसं करायचं ते मॅन्युअलमध्ये बघून ठेवा. चाक जरा घसरलं की ते इंजिनाची ताकद कापतं, नेमकी चढावर. बऱ्याच गाड्यांत लो रेंज लावली की ते आपोआप बंद होतं, हाय रेंजमध्ये मात्र बटण काही सेकंद दाबून धरावं लागतं. खडीच्या रस्त्यावर आलात की लगेच परत चालू करा, तिथे त्याची खरी गरज आहे.

पहाटवारा

लिहून घेतलं सगळं. क्लबच्या वर्गासाठी आम्ही दोघांनी नावं नोंदवली, मित्रही येतोय. कॉम्प्रेसर कुठला घ्यावा?

विमेराकाठ

बॅटरीला थेट चिमटे लावून चालणारा घ्या. सिगरेट लायटरच्या सॉकेटवर चालणारे लहान कॉम्प्रेसर प्राडोच्या टायरना फार वेळ घेतात आणि तापून बंद पडतात. घरी असतानाच एकदा चारही टायर १८ वर आणून परत ३६ पर्यंत भरून बघा, आणि पाइप मागच्या चाकापर्यंत पोहोचतो ना तेही तपासा.